उजवीकडे झुकणारी माळ

कुणाच्याही दारात ते आले की आधी खाली वाकत. बाहेर पडलेल्या चपला-बुटांच्या ढिगातून डावी-उजवी शोधून जोड्या लावत, टाचा भिंतीला टेकवत आणि मगच बेल दाबत. आपण दार उघडलं की नमस्कार-बिमस्कार काही नाही. "जोडी जमली की निम्मं काम झालं," असं म्हणत सरळ आत येत. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना काका म्हणत. मुलं मात्र आपसात इंग्रजीत 'शू अंकल' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, भिंतीवरची तसबीर जराशी तिरकी दिसली की ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही. काका त्यातले अव्वल नंबरचे. बशीत दोन समोसे दिले तर दोन्हींची टोकं एकाच दिशेला करून मग खात. एकदा माझ्या घरी ईदला आले आणि शीरखुर्म्याच्या वाट्या ट्रेमध्ये सारख्या अंतरावर मांडत बसले. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हा माणूस बायकोला किती छळत असेल!" काकू शेजारीच होत्या. त्यांनी ऐकलं आणि हसून मान डोलावली.

रुवीतल्या ज्या कंपनीत मी हिशेब सांभाळते, तिथेच काका एसीच्या डक्टचे नकाशे काढायचे. मी दापोलीकडची, ते येवल्याचे. परदेशात आलो नसतो तर आमची ओळख व्हायचं काहीच कारण नव्हतं. पण एकाच गाडीने ऑफिसला जाणं-येणं व्हायचं, आणि गाडीत बोलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं. विषय कुठलाही निघो, तो फिरून त्यांच्या घराण्याच्या धंद्यावर यायचा. त्यांचं घराणं पटवेकऱ्यांचं. पटवेकरी म्हणजे सोनाराने घडवलेले मणी रेशमाच्या दोऱ्यात ओवणारा, एकेक गाठवणारा आणि शेवटी गोंडा बांधून माळ हातात देणारा माणूस. येवल्याला सोनाराच्या ओट्यावर एका कोपऱ्यात त्यांचे वडील बसत. काका डिप्लोमा करून परदेशी आले, पण बोटांना लागलेली सवय काही सुटली नाही.

इमारतीतल्या बायकांना हे कळायला वेळ लागला नाही. कुणाचं मंगळसूत्र तुटलं की ती थेट काकांच्या दारात. आमच्या मराठी मैत्रिणींमध्ये रीत अशी की मंगळसूत्र गाठवायला दिलं की तेवढ्यापुरता गळ्यात हळकुंडाचा पिवळा दोरा बांधायचा. तो बांधून बाई घाबरीघुबरी बसलेली असायची आणि काका तिला सांगत, "बसा हो, चहा घ्या. तुमचा चहा निवायच्या आत देतो." मग ते जमिनीवर बसत, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणत आणि दोन्ही हातांनी असं भराभर गाठवत की बघणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नसे. मुलं भोवती कोंडाळं करून बसत. "अंकल फूटने करतायत!" असं एकजण पायाकडे बोट दाखवत म्हणाला, तेव्हा काका जाम खूश झाले.

विनय वगैरे गोष्टी काकांना शिवलेल्या नव्हत्या. "माझ्या हातची गाठ सुटली तर येऊन सांगा. अजून कुणी आलेलं नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. मला त्याची गंमतही वाटे आणि कधीकधी कंटाळाही येई. पण त्यांच्या माळांना नावं ठेवायला जागा नव्हती हे खरंच. डावीकडे जेवढे मणी, तेवढेच उजवीकडे. आकाराला आकार, रंगाला रंग. मधोमध सगळ्यांत देखणा मणी. मधोमध घडी घातली तर अर्ध्यावर अर्धं बसावं इतकं सारखं.

काकांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते, तेव्हा सालिमने ती माळ आणली.

सालिम आमचा मंदूब, म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा ओमानी माणूस. पन्नाशीचा, गुबगुबीत आणि सदा घाईत. मस्कतबाहेर डोंगराकडल्या रुस्ताक गावाजवळ त्याचं घर. खजुराच्या एका डब्यात कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्याने काकांच्या टेबलावर ठेवलं आणि हिंदीत म्हणाला, "काका, ये मेरी अम्मा का है. खलास, टूट गया."

कापड उलगडलं आणि आम्ही दोघंही खुर्चीत पुढे सरकलो. चांदीची मोठमोठी नाणी, आपल्या जुन्या बंद्या रुपयाहून चांगलीच मोठी. प्रत्येकाला वर कडी जोडलेली. मधेमधे लाल पोवळी आणि चांदीचे पोकळ मणी. काही नाण्यांवर जाड नाकाचा एक राजा, काहींवर दोन खांब, खांबांवर मुकुट आणि मधे लाटांवर दोन गोल पृथ्व्या. सालिमच्या घरात त्या खांबांना तोफा समजत, म्हणून सगळे त्याला तोफेचं नाणं म्हणत. काकांनी लगेच पुण्याला मुलाला फोन लावून फोटो पाठवले. तो असल्या गोष्टी इंटरनेटवर शोधण्यात पटाईत. संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला बातमी मिळाली होती की ही स्पेनच्या राजाची नाणी, मेक्सिकोत आणि पेरूत पाडलेली, जहाजांतून फिरत फिरत इकडे आलेली.

"बघ शमीम," काका मला म्हणाले, "चांदी अमेरिकेची, राजा स्पेनचा, माळ ओमानची, आणि पटवेकरी कुठला? येवल्याचा!"

सालिमच्या आईला घरात सगळे हबूबा म्हणत. ओमानी बोलीत हबूबा म्हणजे आजी. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. सालिमच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि हबूबाला ही माळ नातीला द्यायची होती. त्यात एक मोठी गोष्ट होती, ती सालिमने गाडीत सांगितली. पूर्वी त्यांच्याकडे बाई गेली की तिची चांदी सोनाराकडे जायची आणि वितळायची. नव्या नवरीला नवीन चांदी घडवायची. गेलेल्या बाईचं कुणी घालत नसे. पण नातीला नवी नको होती, हीच हवी होती. मग हबूबाने ठरवलं की आपण जिवंत असतानाच, आपल्या हाताने, आपल्या गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घालायची. म्हणजे ती वितळणार नाही.

"गळ्यातून गळ्यात," सालिम म्हणाला. "इसलिए टूटा हुआ नहीं चलेगा."

काकांनी छातीवर हात ठेवला. असं काम त्यांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

माळ तुटली होती ती एकाच जागी. बाकी प्रत्येक नाण्याच्या मागेपुढे घट्ट गाठ होती, त्यामुळे सगळं आपापल्या जागी होतं. पण ती रचना बघून काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका बाजूला नाणी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. झिजून पापडासारखं झालेलं नाणं अगदी दर्शनी जागी, आणि सगळ्यांत सुंदर, ज्याच्यावरच्या तोफा जणू कालच कोरल्या असाव्यात असं नाणं पार मागे, मानेखाली. "कुणा अडाण्यानं ओवलंय हे," काका म्हणाले आणि कात्री उचलली.

पुढचे कितीतरी दिवस ऑफिसमधून आले की ते त्याच कामात असत. काकू म्हणायच्या, घरात जेवायला जागा नाही, जमिनीवर सगळीकडे राजे पसरलेत. शेवटी माळ तयार झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवली. खरं सांगते, मी इतकी सुरेख माळ पाहिली नव्हती. टोकाला झिजलेली नाणी, मग जाड, मग आणखी जाड, दोन्ही बाजूंना तोलून, आणि बरोब्बर मधोमध ते कोरीव तोफांचं नाणं. काळ्या रेशमाचा गोंडा. काकांनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर सालिम आम्हाला रुस्ताकला घेऊन गेला. मला न्यायचं कारण म्हणजे मला कामापुरतं अरबी येतं आणि बायकांच्या खोलीत काकांना सोबत हवी होती. दारात चपलांचा मोठा ढीग होता. काका वाकले, जोड्या लावल्या आणि मगच आत आले. घरातल्या बायका बघतच राहिल्या.

हलवा आला, कहवा आला. हबूबा गादीवर पाय पसरून बसली होती, एवढीशी, मेंदी लावलेली बोटं मांडीवर. सालिमने माळ तिच्या ओंजळीत ठेवली. तिने तोंडभर आशीर्वाद दिला आणि बोटं माळेवरून फिरवायला सुरुवात केली. कडेकडून मध्याकडे आली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. बोटं मधल्या नाण्यावर पोचली आणि गरम तव्याला लागावा तसा तिने हात मागे घेतला.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

सालिम हसला. "उम्मी, तीच आहे. काकांनी फक्त दोरा बदलला."

"चांगली आहे. कुणाची तरी असेल. माझी नाही." तिने माळ चाचपडत बाजूला सरकवली. "दुसरीची माळ मी माझी म्हणून नातीच्या गळ्यात कशी घालू?"

मी हे काकांना मराठीत सांगितलं. समजावणं झालं, शपथा झाल्या. म्हातारी रागावली नव्हती, ओरडत नव्हती. नुसतं नाही म्हणत होती. तेवढ्यात सालिमच्या वहिनीची नजर काकांच्या पिशवीकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. ती नजर मी पाहिली. काकांनीही पाहिली.

परतीच्या वाटेवर सालिम बिचारा शरमेने अर्धा झाला होता. म्हातारी आहे, विसरते, लग्नाच्या दिवशी आपण घालून टाकू, तिला कुठे दिसतंय, असं तो म्हणत राहिला. काका खिडकीबाहेर डोंगर बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांना गाडीत गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं. मस्कत जवळ आलं तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "शमीम, त्यांना वाटतंय मी नाणं बदललं?"

"छे हो," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

दोन-तीन दिवसांनी ते आमच्याकडे आले. मी दार उघडलं आणि माझं लक्ष खाली गेलं. मुलांचे बूट जसे फेकलेले होते तसेच पडले होते. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण साधं नाही. ते सोफ्यावर बसले, चहा समोर तसाच राहिला.

"वडील जुनी माळ सोडायच्या आधी काय करायचे, सांगितलं का तुला?" ते म्हणाले. "कणकेची लांब वळकटी करायचे. एकेक मणी काढला की त्याच क्रमाने कणकेत दाबायचे. मला हसू यायचं. एवढं कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, बाईला तिची माळ परत द्यायची असते, आपली नाही."

"मग?"

"मग काय! मी सरळ कात्री चालवली ना. जोडी जमवायची घाई. म्हातारी विसरलेली नाही, शमीम. तिनं बोटांनी वाचलं ते, आणि दुसरंच काहीतरी लिहिलेलं निघालं."

"फोटो बघून परत करा की तशीच."

"फोटो आहेत. सगळे नंतरचे." आणि ते केविलवाणं हसले. पहिल्या दिवशी मुलाला पाठवलेल्या फोटोंतही सुटी सुटी नाणीच होती, जवळून घेतलेली. हबूबाने तर स्वतःचा फोटो कधी काढूच दिला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी लग्न होतं. आदल्या बुधवारी काकांनी सुट्टी घेतली, मलाही घ्यायला लावली, आणि सालिमच्या मागे लागून आम्ही पुन्हा रुस्ताकला गेलो. वाटेत त्यांनी मला काय करणार ते सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "काका, वेड लागलंय का? दोन दिवसांवर लग्न आलंय!"

"तू फक्त मी सांगतो ते तिला नीट सांग," ते म्हणाले.

हबूबासमोर जमिनीवर त्यांनी मोठा ट्रे मागवला, त्यात कापड पसरलं, आणि आपली ती देखणी माळ काढून गोंड्यापासून कापायला लागले. गाठीमागून गाठ. सालिमच्या तोंडून "या अल्ला!" निघालं. एकेक नाणं ट्रेमध्ये खणकन पडत होतं आणि हबूबा मान तिरकी करून ऐकत होती. सगळी सुटी झाली तेव्हा काका म्हणाले, "शमीम, तिला सांग, नाणी तिचीच आहेत. माळ मी माझी केली होती. आता तिनं सांगावं, मी ओवतो."

मी सांगितलं. मग तिने एक नाणं उचललं आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"हे मधलं," ती म्हणाली. "माझी थोरली."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिने सांगितलं ते असं. नवऱ्याच्या घराण्यात या जुन्या नाण्यांचं एक गाठोडं होतं. प्रत्येक बाळंतपणानंतर त्यातलं एक काढायचं, सोनाराकडून कडी लावायची आणि तिच्या माळेत ओवायचं. पहिलं मधे. मग मुलगे उजवीकडे, मुली डावीकडे. "बाकीच्यांचं माहीत नाही, आमच्याच घरात असेल असं," सालिम घाईने म्हणाला. त्यालाही हे आत्ताच कळत होतं. हबूबाला मुलगे जास्त झाले होते, म्हणून उजवी बाजू जड.

तिने पापडासारखं झालेलं नाणं उचललं आणि खुदकन हसली. "हा सालिम. दात येत होते तेव्हा दिवसभर हेच तोंडात. काढलं की रडायचा. राजाचं नाक यानंच खाल्लं." खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. पन्नाशीच्या सालिमने मान खाली घातली, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

एकेक मूल असं ट्रेमधून उचललं जात होतं. मधेच एकदा ती अडली. दोन नाणी अगदी सारखी, दोन्ही मुलग्यांची. तिने ती पुन्हा पुन्हा चाचपली, जागा बदलल्या आणि हताश होऊन हात खाली टाकले. "नाही आठवत," ती म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना. काकांनी ती नाणी घेतली, उजेडात धरली, सालिमच्या कडीशेजारी लावून बघितली. "शेजारी शेजारी राहून कड्या एकमेकींना घासतात," ते म्हणाले. "ही खाच बघ, सालिमच्या कडीत बसते. म्हणजे हा त्याच्या पाठचा." त्यांनी तिची बोटं धरून त्या खाचेवर ठेवली. तिने दाबून बघितलं आणि जोरात मान हलवली. हो, हो, असंच.

सगळ्यांत शेवटी ट्रेमध्ये एकच नाणं उरलं, ते कोरीव तोफांचं. तिचा हात त्याच्यावर गेला आणि तसाच अधांतरी थांबला.

"ते मागे," ती म्हणाली. "मानेखाली, केसांत. त्याचं नावही ठेवलं नव्हतं आम्ही."

मी ते मराठीत सांगितलं. पुढचं काकांना सांगावं लागलं नाही. त्या नाण्याला कुणा बाळाचा हात लागला नव्हता, कुणी ते चोखलं नव्हतं, म्हणून ते तसंच्या तसं राहिलं होतं. आणि काकांनी ते सगळ्यांत चांगलं म्हणून मधोमध लावलं होतं.

"चुकलं म्हणावं," काका कसेबसे म्हणाले. "मला चुकलं म्हणून सांग तिला."

मी सांगितलं. हबूबाने हात पुढे केला, काकांचं मनगट तिच्या हाताला लागलं, तिने ते थोपटलं. "तुला काय माहीत होतं? ओव आता. यल्ला, चल."

काकांनी दोरा अंगठ्याला अडकवला आणि दारातल्या पोरी खिदळल्या. काय झालं म्हणून हबूबाने विचारलं. मी सांगितलं तर तिला ते खरंच वाटेना. तिने वाकून तो ताणलेला दोरा हाताने मागे मागे चाचपत नेला, काकांच्या पायाचा अंगठा हाताला लागल्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. काकाही हसले. इतक्या दिवसांनी हसले.

माळ पुरी होत आली तसा काकांचा हात अडखळू लागला. उजवीकडे नाण्यांची रांग, डावीकडे चार-दोन. माझ्यातला खट्याळपणा जागा झाला. "जोडी नाही जमली, काका," मी म्हटलं.

"गप गं," ते म्हणाले आणि निरगाठ ओढली.

हबूबाच्या गळ्यात माळ घातली तेव्हा ती चक्क तिरकी बसली, उजवीकडे ओघळलेली. तिचा हात कुठेही न शोधता सरळ सालिमवर गेला. मग थोरलीवर. मग तिने मानेमागे हात नेला, केसांखाली, आणि तिथे थोडा वेळ ठेवला. "हो," ती म्हणाली. ज्या वहिनीची नजर पिशवीवर गेली होती, तिने काकांसमोर आणखी हलवा आणून ठेवला.

लग्नात बायकांच्या बाजूला मी होते. हबूबाने आपल्या गळ्यातली माळ काढली आणि चाचपडत नातीच्या गळ्यात घातली. काका बाहेर पुरुषांत होते, त्यांना हे दिसलं नाही. मी नंतर त्यांना सगळं सांगितलं. फोटो काढणारी बाई नवरीची माळ सारखी मधे सरकवत होती आणि नवरी ती पुन्हा उजवीकडे ओढत होती, हेही सांगितलं. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं.

त्यानंतर काका निवृत्त होऊन येवल्याला गेले. जाण्याआधी त्यांनी मला हट्टाने गाठ मारायला शिकवली. गोंडा काही मला जमला नाही. "तुझ्या बोटांत घाई आहे," असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मंगळसूत्र तुटलं की बायका रुवीतल्या सोनाराकडे जातात आणि चहा निवून जातो.

त्याच हिवाळ्यात हबूबा गेली. सालिम बरेच दिवस ऑफिसला आला नाही. आला तेव्हा मला एवढंच म्हणाला, "माळ सोनाराकडे नाही गेली." मी ते काकांना फोनवर सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले.

गेल्या महिन्यात सालिमची मुलगी माझ्याकडे आली, कडेवर सहा-सात महिन्यांचा मुलगा घेऊन. हबूबाने जाताना गाठोड्यातली उरलेली नाणी तिला दिली होती. त्यातलं एक, नवीन कडी लावलेलं, तिने माझ्या हातावर ठेवलं. तोफेचं होतं, कडा अजून धारदार. काका नाहीत, तुम्हीच ओवा, ती म्हणाली. मी माळेची उजवी बाजू सोडवली, सगळ्यांच्या शेवटी ते नाणं घातलं, काकांनी शिकवल्याप्रमाणे मागेपुढे गाठवलं. काम चाललेलं असताना बाळाने हात घातला आणि आपलं नाणं उचलून सरळ तोंडात कोंबलं. मी घाबरून काढायला गेले, तर त्याची आई म्हणाली, "राहू द्या. त्याचंच आहे."

मी त्याचा व्हिडिओ काढला आणि येवल्याला पाठवला. मग उरलेला दोरा कापायला कात्री घेतली, कारण टोकाला बराच लांब शिल्लक राहिला होता आणि दिसायला वाईट दिसत होता. तेवढ्यात काकांचा आवाजी निरोप आला. पाठीमागे काकूंचं काहीतरी चाललं होतं, भांड्यांचा आवाज होता, आणि काका मोठमोठ्याने हसत होते.

"शमीम, बघितलं मी. चावू दे त्याला, चांगलं चावू दे. आणि हे बघ, तो पुढचा दोरा दिसला मला. तो कापू नकोस हां. असू दे लांब. अजून पोरं व्हायचीत तिला."

मी कात्री खाली ठेवली.